हेडक्लार्क बुधवारी गेले

हेडक्लार्क बुधवारी सकाळी सव्वासातला गेले. पोट वर, डोळे उघडे, आणि चेहऱ्यावर तोच जुना तक्रारीचा भाव. मेट्रनबाईंनी चष्मा लावला, काचेला नाक टेकवून नीट पाहिलं, घड्याळात बघून केस पेपरवर वेळ टिपली आणि म्हणाल्या, "मेला मेला शेवटी!"

हेडक्लार्क म्हणजे मासा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक हळहळतात आणि मग मासा आहे हे कळलं की आपल्यावरच डाफरतात. दीड इंचाचा गप्पी, नारिंगी शेपटी. दाणे पडले की सगळ्यांच्या आधी वर आणि खाऊन झालं की सगळ्यांच्या आधी प्लॅस्टिकच्या झाडामागे गायब. टाकीत आले तेव्हा सात होते. तीन आठवड्यांत पाच गेले. पहिली टायपिस्ट, मग दोघे कारकून एकाच दिवशी, मग लेखापाल आणि आज हे. उरले दोन. एक साहेब, म्हणजे जाडजूड काळा मॉली, आणि दुसरा शिपाई, जो काचेला तोंड चिकटवून दिवसभर एकाच जागी पडून असायचा. साहेब आणि शिपाई टिकले नि मधले सगळे गेले यात नवल काहीच नाही, कुठल्याही ऑफिसात हेच होतं.

पण बाईंना हसू येत नव्हतं. कारण टाकी आरशासारखी होती. पाणी असं की त्यात पाणी आहे हे बोट घातल्यावर कळावं. खडीचा एकेक दाणा घासलेला. आणि इतक्या स्वच्छतेत हे मरतात म्हणजे काय? हा तर सरळसरळ अपमान होता.

मेट्रनबाई एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात होत्या. त्यांचा दरारा असा, की बाहेर वाघासारखे फिरणारे सर्जन आत येताना मुकाट्यानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि बाईंनी भुवई उचलली की परत धुवायचे. आपल्या थिएटरात एकतीस वर्षांत एकाही टाक्यात पू झाला नाही, असं त्या सांगत. खरंखोटं देव जाणे. "झाला होता की एकदा," असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्त झाल्या आणि थिएटर घरी आणलं. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर. भांडी पुसायचं फडकं वेगळं, ओटा पुसायचं वेगळं, आणि ही दोन फडकी एकमेकांना भेटली तर दोघांनाही उकळत्या पाण्याची शिक्षा. फरशी दिवसातून दोनदा. पाहुणा उठला की तो बसला होता ती खुर्ची.

आणि या घरात त्यांचे यजमान राहत. त्यांना नाव होतं, पण ते रेशनकार्डापुरतं. घरात ते 'अहो'. सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. शांत माणूस, पण मुका नव्हे हो! नोकरीत असताना संध्याकाळी घरी आले की ऑफिसातल्या गमती सांगत, नकला करत, स्वतःच्याच विनोदाला आधी स्वतः हसत. ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि बोलणं हळूहळू आटत गेलं. आता तीनच शब्द उरले होते. हं, बरं आणि चालेल. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत अहो, आणि अहोंच्या मांडीवर कालचं वर्तमानपत्र.

बाईंनी सगळं केलं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, कानाच्या डॉक्टरकडे नेलं, हृदयाचा आलेख काढला. सगळं ठणठणीत. रिपोर्ट चांगले आले की लोक पेढे वाटतात, बाईंनी मात्र ते उलटसुलट करून परत परत वाचले. दुखणं दिसलं असतं तर त्यांनी त्याची गचांडी धरली असती. रक्तानं माखलेले हात बघून कधी न दचकलेली बाई रात्री नवऱ्याच्या गप्प पाठीकडे बघत जागी राहायची. हा माणूस असाच बोलायचा थांबत थांबत एक दिवस सगळाच थांबेल, याची त्यांना भयंकर भीती वाटत होती.

शेवटी त्यांनी एका जुन्या सर्जनला फोन केला. तो म्हणाला, "सिस्टर, घरात काहीतरी जिवंत आणा. त्यांच्या हाती सोपवा. माणूस बोलायला लागतो."

"मी जिवंत नाही का?"

"तसं नव्हे. कुत्रं, मांजर असं काहीतरी."

"केस गळतात."

"पोपट?"

"शी."

मग बराच विचार करून बाईंनी मासे ठरवले. जन्मभर आंघोळ करणारा हा एकच प्राणी.

आणि काय सांगावं, गुण आला! टाकी आली, आठवडाभर नुसते बुडबुडे सुटले, मग मासे आले आणि त्या संध्याकाळी अहो खुर्ची खिडकीपासून उचलून टाकीसमोर घेऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "हा काळा बघ. आमचा साहेब. सही करायला दोन तास लावायचा." मग म्हणाले, "ती टायपिस्ट." मग हेडक्लार्क. असे सातही जणांचे परिचय झाले. सात वाक्यं! बाई स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि घळाघळा रडल्या. मग तोंड धुतलं, सिंक धुतलं आणि बाहेर आल्या.

म्हणजे आता लक्षात आलं असेल. मासे जगले तर अहो बोलणार. टायपिस्ट गेली त्या दिवशी अहो नुसतं "हं" म्हणाले. कारकून गेले तेव्हा खुर्ची हातभर मागे सरकली. लेखापाल गेल्यावर ती परत खिडकीशी गेली. बाईंच्या हातात दोन मासे उरले होते आणि त्या दोघांवर एक नवरा अवलंबून होता.

तपास बाईंनी थिएटरच्या शिस्तीत केला होता. टाकीजवळ केस पेपर टांगला. तापमान, दाणे, हालचाल, शेरा. पहिला संशय आला टँकवाल्यावर, म्हणजे ज्याच्या दुकानातून सगळा संसार आणला त्याच्यावर. यानं आजारी माल गळ्यात मारला. त्याला फोनवरून असं काही सुनावलं, की तो बिचारा "हो मावशी, हो मावशी" करत राहिला आणि काय म्हणायचं होतं ते विसरूनच गेला.

दुसरा संशय घरातल्या माणसावर. अहो दाणे जास्त घालत असणार. बाईंनी डबा काढून घेतला आणि चिमट्यानं मोजून दोन वेळा दाणे द्यायला सुरुवात केली. अहो म्हणाले, "बरं."

तिसरा वरच्या वहिनींवर. या वहिनी गॅलरीत झुरळांसाठी काहीतरी फवारायच्या. बाई वर गेल्या आणि फवारणीचा डबाच घेऊन आल्या. वहिनींनी दिला. न देऊन सांगतात कुणाला!

चौथा संशय नळाच्या पाण्यावर. त्यावर उपाय सोपा होता. दर रविवारी टाकीतलं सगळं पाणी काढून टाकायचं आणि वीस मिनिटं उकळून गार केलेलं भरायचं. तरी बुधवार उजाडला की कोणीतरी पोट वर करून तरंगतच होतं. मेले सगळे मंगळवार-बुधवारीच मरायचे. शनिवारी कुणी मेलं नाही. केस पेपरवर हे स्पष्ट दिसत होतं, बाईंनी त्याखाली लाल रेघही मारली होती, पण रेघ मारल्यानं कुणाला अक्कल येत नाही.

लेखापालाचं तर त्यांनी शवविच्छेदन केलं. जुना पाट, नवं ब्लेड, टेबललॅम्प. आत जे होतं ते सगळं एका वाटीत कालवल्यासारखं. माणसाचं पित्ताशय त्यांना डोळे मिटून सापडलं असतं, पण या मेल्याचं काही कुठे लागेना. अहो दारात आले, पाटाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. परत जाऊन खुर्चीत बसले.

तर आता हेडक्लार्क. बाईंनी त्यांना कागदात गुंडाळलं, उकळून घेतलेल्या बाटलीत टाकीतलं पाणी भरलं, झाकण लावलं, लेबल लावलं, केस पेपर पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "मी जाऊन येते. साहेबाकडे लक्ष ठेवा. वर येऊन धापा टाकतोय."

"हं," अहो म्हणाले.

टँकवाल्याचं दुकान म्हणजे बाईंच्या दृष्टीनं नरक. आत शिरताच रुमाल नाकावर गेला. भिंतीभर टाक्या, काचांवर हिरवट थर, तळाशी गाळ, फिल्टरच्या नळ्यांवर काहीतरी केसाळ. आणि त्या घाणीत शेकडो मासे मजेत हिंडत होते. एकाचंही पोट वर नव्हतं. बाईंना त्या माशांचा मनापासून राग आला.

"हे जगतात कसे?" त्यांनी विचारलं.

"जगतात बापडे," टँकवाला म्हणाला. चाळिशीचा माणूस, ओले हात शर्टाला पुसण्याची सवय. "बसा मावशी. पाणी आणलंत? बरं केलंत."

त्यानं काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं आणि दोन बाटल्यांतले थेंब टाकून हलवलं. "पिवळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर वाईट." ते हिरवं झालं. मग गडद हिरवं झालं. मग इतकं झालं की टँकवाल्यानं नळी उजेडात धरली आणि स्वतःशीच म्हणाला, "आई गं."

"काय आहे?"

"अमोनिया. माशांच्या घाणीचं विष. मावशी, टाकी कशी साफ करता तुम्ही?"

हा प्रश्न बाईंना फार दिवसांत कुणी विचारला नव्हता. त्या ताठ बसल्या. "दर रविवारी, सकाळी नऊला. हातमोजे घालते. मासे निर्जंतुक बादलीत. पाणी पूर्ण बदलते, उकळलेलं. खडी गरम पाण्यात तीनदा. झाडं वेगळी. आणि फिल्टरचा स्पंज कुकरमध्ये."

"कशात?"

"कुकरमध्ये. त्यासाठी जुना कुकर वेगळा ठेवलाय. पाच शिट्ट्या. साबणाचा थेंब नाही, औषधाचा थेंब नाही. बॅक्टेरियाचं नाव राहत नाही."

टँकवाला स्टुलावर बसला. फोनवर ज्यांनी आपली सालटी काढली त्यांना हे कसं सांगावं, याचा तो विचार करत असणार.

"मावशी, त्या स्पंजात जंतू राहतात. चांगले जंतू. माशांनी केलेली घाण ते खातात. ते वस्तीला यायला चार-पाच आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी त्यांची..."

"नायनाट करते," बाई अभिमानानं म्हणाल्या आणि म्हणता म्हणता थांबल्या.

"हो. मग सोमवारपासून विष साठतं. मंगळवारी मासे गुदमरतात. बुधवारी..." त्यानं हात उलटा करून दाखवला.

"म्हणजे जंतू पाळायचे?"

"जंतूच पाळायचे. मासे आपोआप जगतात."

बाईंनी एकतीस वर्षांचा अनुभव, इस्पितळाचं नाव, तीन मोठ्या सर्जनांचे दाखले, सगळं तोंडापर्यंत आणलं. पण समोर ती हिरवी नळी होती आणि मागे गाळात नाचणारे मासे. केस पेपरवरची ती लाल रेघ आठवली. दर बुधवार रविवारनंतर तीन दिवसांनी येतो, हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. टायपिस्टला मी मारलं, कारकुनांना मी मारलं, आणि लेखापालाला मारून वर पाटावर घेऊन फाडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून टेबलावर पेशंट गेला होता, तोही एक नव्हे, पाच.

"काकांनी सांगितलं नाही का तुम्हाला?" टँकवाला सहज म्हणाला.

"काय सांगितलं नाही?"

"ते आले होते ना, दुसऱ्याच आठवड्यात. स्पंजाचं सगळं विचारून गेले. वहीत आकृती काढून घेतली, बाण-बिण दाखवून. छान बोलतात हो काका! तासभर हसवलं आम्हाला. साहेबाच्या सहीची नक्कल केली."

हे ऐकून जे झालं ते हिरव्या नळीनं झालं नव्हतं. तासभर! घरात तीन शब्द आणि या चिखलात तासभर!

टँकवाल्यानं आपल्या सगळ्यात घाणेरड्या टाकीतून एक स्पंज काढला. तपकिरी, बुळबुळीत, पिळला तर गटार वाहावं असा. पिशवीत पाणी घालून त्यात तो ठेवला. "हा तुमच्या फिल्टरमध्ये घाला. यातले जंतू लगेच कामाला लागतील. तिसरा हिस्सा पाणी बदला, बाकीचं तसंच ठेवा. आणि मावशी, पाया पडतो, हा धुवू नका. नळाखालीसुद्धा धरू नका."

"कळलं," बाई म्हणाल्या.

बसमध्ये त्या पिशवी हात लांब करून धरून उभ्या होत्या. एकानं उठून जागा दिली, तर "नको, हातात घाण आहे" म्हणाल्या. लोक जरा सरकून उभे राहिले. ज्या हातांनी निर्जंतुक ट्रे उचलले त्या हातांत आज जंतूंची वरात. पण बाईंचं डोकं स्पंजात नव्हतं. ते 'छान बोलतात हो काका' यात अडकलं होतं. यांना माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यापासून माहीत होतं. मी एकेकाला मारत होते आणि हे खुर्चीत बसून बघत होते. का? सूड? कसला सूड? तीन वेळा गरम जेवण आणि धुतलेले कपडे देणाऱ्या बायकोवर? चल बघतेच आता घरी जाऊन.

घरी आल्या त्या तणतणतच. चपला दारात, पर्स खुंटीला. अहो टाकीपाशी उभे होते. साहेब पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून जीव मुठीत धरून होता. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, पिशवी सिंकमध्ये ठेवली, स्पंज बाहेर काढला. आणि आता काय सांगायचं! हातांना कुणी शिकवावं? डोकं भांडणाची वाक्यं जुळवत होतं आणि डावा हात आपसूक नळाकडे गेला.

"ठेव! ठेव तो स्पंज खाली! नळाला हात लावशील तर खबरदार!"

बाईंच्या हातातून स्पंज पडायचाच बाकी राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं, कारण असा आवाज या घरात आहे हे त्या विसरून गेल्या होत्या. अहो दारात उभे होते, लाल झालेले, हाताची मूठ वळलेली.

"इकडे दे तो," अहो म्हणाले आणि स्पंज घेऊन गेले. बाई मागोमाग. अहोंनी फिल्टर उघडला, बाईंचा पांढराशुभ्र, शिट्ट्या खाल्लेला स्पंज बाजूला टाकला आणि तो तपकिरी गोळा आत बसवला. मग वॉशिंग मशीनच्या मागे गेले आणि तिथून झाकलेली बादली ओढत बाहेर आणली.

"हे काय?"

"नळाचं पाणी. क्लोरीन उडायला ठेवलं होतं."

"कधीपासून?"

"दर सोमवारी भरून ठेवतो. वाटायचं, तू कुठे बाहेर गेलीस तर तेवढं बदलून टाकीन. जातेस कुठे तू?"

त्यांनी मग्ग्यानं टाकीतलं पाणी काढायला सुरुवात केली. बाई मग्गा घ्यायला पुढे झाल्या, तर म्हणाले, "तू हात लावू नकोस. उभी राहा." ऑपरेशन थिएटरच्या मेट्रनबाई भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात छातीशी धरून उभ्या राहिल्या. पण हात बांधले म्हणून तोंड थोडंच बांधलं होतं!

"तुम्हाला माहीत होतं! पहिल्यापासून माहीत होतं, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? पाच जीव गेले! मी वरच्या वहिनींशी भांडले, त्या टँकवाल्याचा उद्धार केला, मासा फाडला. मासा! आणि तुम्ही दारात येऊन बघून गेलात! एका शब्दानं सांगता आलं नाही?"

"सांगितलं होतं."

"कधी? खोटं नका बोलू!"

अहोंनी मग्गा बादलीत ठेवला. "दुसऱ्या रविवारी. दुकानातून आलो आणि तुला म्हटलं, स्पंज उकळू नये म्हणतात. वही पण पुढे केली. तू फरशी पुसत होतीस. तू म्हणालीस, पाय वर घ्या."

बाईंचे छातीशी धरलेले हात खाली आले.

"मग मी पाय वर घेतले," अहो म्हणाले.

बाईंनी आठवून बघितलं. वही आठवली नाही. स्पंजाचा शब्द आठवला नाही. पाय आठवले. खुर्चीवर वर घेतलेले दोन पाय, आणि खालची फरशी किती लख्ख निघाली होती ते. मग आणखी आठवू लागलं. निवृत्त झाले त्या आठवड्यात अहो काहीतरी गंमत सांगायला लागले होते आणि आपण मिक्सर लावला होता. दुसऱ्या खेपेला काय लावलं होतं? पंखा पुसत होतो का? तीन वर्षं दुखणं शोधलं, रक्त काढलं, कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान नेले ते चुकीच्या माणसाचे. बाईंना एकदम रडू आलं आणि ते लपवायला आज स्वयंपाकघरात जावंसं वाटेना.

"मग ओरडायचं!" त्या रडतच म्हणाल्या. "असं ओरडायचं, आत्ता ओरडलात तसं!"

"तुझ्यावर?" अहो म्हणाले. "माझी काय बिशाद? मोठमोठे सर्जन ओरडले नाहीत."

हे बोलून ते स्वतःच फिसकन हसले. बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. अहोंनी बादलीतलं पाणी हळूहळू टाकीत सोडलं, झाकण लावलं आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून आणली. नव्या स्पंजातून बारीक तपकिरी धूर निघून सगळ्या टाकीत पसरला. एवढी घासलेली काच, एवढं पाणी, सगळं गढूळ झालं. बाईंचा जीव वरखाली झाला, पण भिंत सोडली नाही. साहेब अजून वरच होता. धापा टाकत होता.

"वाचेल का हो?"

"सांगता येत नाही. उद्यापर्यंत तग धरला तर वाचेल. आमचा साहेब तीन बदल्या पचवून राहिला होता." अहोंनी खुर्चीत बसून पाय ताणले. मग टाकीकडेच बघत म्हणाले, "आणि एक सांगू?"

"सांगा ना."

"उशीच्या खोळीला कांजी करू नकोस. कडक होते. कान दुखतो."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

बाई बघतच राहिल्या. छत्तीस वर्षं आपण नवऱ्याचा कान दुखवतोय आणि त्याच कानाची तपासणी करून आणतोय! तोंडावर आलं होतं की कांजीनं डाग बसत नाहीत, धुवायला सोपं जातं, सगळे करतात. सगळं गिळलं. फार जड गेलं, पण गिळलं. दोनचा ठोका झाला होता, दुपारची फरशी राहिली होती, हाताला त्या स्पंजाचा वास येत होता. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि अहोंच्या अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडली.

"अजून काय काय आहे?"

अहोंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ही खरंच विचारतेय की उठायच्या आधी विचारतेय, ते बघत होते. बाई बसून राहिल्या.

"बरंच आहे," अहो म्हणाले.

"सांगा. मला काही घाई नाही."

अहोंनी घसा साफ केला आणि आंघोळीच्या साबणापासून सुरुवात केली.